लॅमिंग्टनच्या वर्षावनात तीन रात्री : आधी कान, मग दुर्बीण

प्रश्न थोडक्यात असा : ऑक्टोबरात मुलीकडे ब्रिस्बेनला जाणं होतंय. त्यातल्या तीन रात्री लॅमिंग्टन नॅशनल पार्कच्या ग्रीन माउंटन्स भागात, वर्षावनातल्या लॉजवर काढायच्या आहेत. दोघंही साठी ओलांडलेले, पक्षिनिरीक्षणाची जुनी आवड, भरतपूर-भिगवण अनेकदा झालेलं. वर्षावन मात्र पहिल्यांदाच. रोज एक नवी लांब पायवाट, हातात १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगांची) नवी दुर्बीण आणि शंभर जातींची यादी, असा बेत आहे. तो बरोबर आहे का आणि काय बदलावं?

बेतातला उत्साह ठेवा, बाकी जवळजवळ सगळं बदला. मी या जंगलात बरीच वर्षं जातोय, पाहुण्यांना घेऊनही जातोय. सर्वांत निराश होऊन परतलेली माणसं कोण, असं विचाराल तर हौशी नवखे नव्हेत. पाणथळीवर तयार झालेले जुने निरीक्षक. भिगवणला पक्षी समोर मांडून ठेवलेले असतात. रोहित उभे आहेत, बदकं पोहतायत, आपण मोजायचं. वर्षावनात सकाळचे आठ वाजले तरी झाडाखाली संध्याकाळ असते. पन्नास आवाज कानावर येतात आणि डोळ्यांना एक पान हलताना दिसतं. अशा वेळी माणूस वैतागतो, पुढे चालू लागतो आणि चालू लागला की होते तेवढेही पक्षी गप्प होतात. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे : कमी चाला, जास्त थांबा, आणि दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी आवाज कुठून आला ते ठरवा.

आधी हंगामाबद्दल. वसंत म्हटलं की आपल्याला पळस आणि आंब्याचा मोहोर आठवतो, पण दक्षिण गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर हा वसंत. म्हणजे आपला नवरात्र-दिवाळीचा काळ. ऑक्टोबर हा मला त्यातला सगळ्यांत चांगला महिना वाटतो. सप्टेंबरात वर गारठा असतो आणि पाहुणे पक्षी पुरते पोचलेले नसतात. नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाटी वादळं सुरू होतात. ऑक्टोबरात स्थानिक पक्ष्यांची वीण रंगात आलेली असते आणि न्यू गिनीकडून येणारे पाहुणेही दाखल झालेले असतात. थंडीत इथे लहान पक्ष्यांचे मिश्र थवे फिरतात, एका झाडावर पाच-सहा जाती सापडतात. वसंतात ते थवे फुटतात, जोडपी आपापला इलाखा धरून बसतात. एका थव्यात दहा जाती पटकावायची सोय त्यामुळे जाते. बदल्यात काल जिथे पक्षी गात होता तिथेच तो आजही गाईल, याची खात्री मिळते. ही फार मोठी गोष्ट आहे. तीन दिवस एकाच जागी राहण्याचं सारं गणित तिच्यावर उभं आहे.

एक पाहुणा तर तुम्हाला ब्रिस्बेनमध्येच भेटेल. पहाटे तीन-साडेतीनला मुलीच्या घराबाहेर कोकीळ ओरडायला लागेल आणि क्षणभर तुम्हाला आपण घरीच आहोत असं वाटेल. तो पॅसिफिक कोएल. पूर्वी आपला कोकीळ आणि तो एकाच जातीत धरत असत. नर तसाच काळाकुळकुळीत, आवाज तोच चढत जाणारा. आपली कोकिळा अंडी घालायला कावळ्याचं घरटं शोधते, तिकडची बहुतेक वेळा हनीईटर कुळातल्या मोठ्या पक्ष्यांना गाठते. तिथले लोक मात्र त्याच्यावर कविता करत नाहीत, झोपमोड झाली म्हणून शिव्या देतात.

आता लॉज. ब्रिस्बेनपासून अंतर साधारण ११० किलोमीटर, पण वेळ दोन तास धरा. कनंग्रा या शेवटच्या गावानंतरचा घाट अरुंद आणि वळणावळणाचा आहे, काही ठिकाणी एकाच गाडीची रुंदी. पेट्रोल आणि किरकोळ खरेदी खालीच उरका आणि अंधार पडायच्या आत वर पोचा, कारण संध्याकाळी रस्त्यावर वॉलबी, म्हणजे लहान चणीचे कांगारू, उड्या मारत येतात. ग्रीन माउंटन्सला ओरायली कुटुंब १९११ साली आलं, राष्ट्रीय उद्यान १९१५ साली जाहीर झालं आणि त्या कुटुंबाचं अतिथिगृह १९२६ पासून चालू आहे. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जंगलाने वेढलेल्या त्या मोकळ्या जागेतल्या पक्ष्यांच्या कित्येक पिढ्या माणूस बघत वाढल्या आहेत, म्हणून इथले पक्षी इतके धीट.

पहिल्या संध्याकाळी कुठेही जाऊ नका. सामान टाका आणि अंगणात बसा. लाल डोक्याचे किंग पॅरट आणि किरमिजी-निळे क्रिम्झन रोझेला अक्षरशः खांद्यावर बसतील. लॉजच्या स्वतःच्या जागेत, त्यांनी दिलेले दाणे, त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी घालायला हरकत नसते. उद्यानाच्या हद्दीत मात्र कुठल्याही प्राण्या-पक्ष्याला खायला घालणं नियमाने बंद आहे. आपल्या पिशवीतला चिवडा-बिस्किटं पिशवीतच राहू द्या. न राहिल्यास ब्रश टर्की ती काढून घेईलच. काळा, कोंबड्याएवढा, लाल बोडक्या डोक्याचा आणि गळ्यात पिवळी झालर असलेला हा पक्षी टेबलावर चढायला मागेपुढे पाहत नाही. लोक त्याला हाकलतात, मला तो फार आवडतो. नर पायांनी पालापाचोळा ओढून गाडीएवढा ढीग करतो, माद्या त्यात अंडी घालतात आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर ती उबतात. नर अधूनमधून चोच खुपसून ऊब बघतो; जास्त झाली तर पाला उकरतो, कमी झाली तर वर ओढतो. आतलं तापमान ३३-३५ अंशांच्या आसपास राखतो. पिल्लू स्वतःच ढीग उकरून बाहेर येतं आणि आईबापाचं तोंडही न बघता जंगलात चालू लागतं. वसंतात हे ढीग राबते असतात. असा ढीग सापडला तर वीस पावलांवर बसून राहा, लांबच्या एखाद्या धबधब्यापेक्षा जास्त पदरात पडेल.

त्याच अंगणात काळ्या-सोनेरी रंगाचा एक पक्षी झाडावरून झेपावेल आणि तुमच्या तोंडून आवाज निघेल. तो रीजंट बॉवरबर्डचा नर. त्याच्याबरोबरचे तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे पक्षी म्हणजे माद्या आणि वयात यायचे नर. पण खरी चीज त्याचा चुलतभाऊ, सॅटिन बॉवरबर्ड. नर दुरून काळा वाटतो. उन्हाची तिरीप पडली की गडद निळी रेशमी झाक दिसते, डोळे जांभळट निळे. हा रंग अंगावर चढायला त्याला सात वर्षं लागतात. तोवर तो मादीसारखाच हिरवट असतो, म्हणून हिरवे पक्षी जास्त आणि निळे कमी दिसतात. ‘माद्याच फार आहेत’ असं वहीत लिहू नका.

या नराचा मांडव तुम्ही बघितलाच पाहिजे. घरटं नव्हे बरं का. घरटं मादी एकटी, दूर झाडावर बांधते आणि पिल्लंही एकटीच वाढवते. मांडव म्हणजे जमिनीत उभ्या खोचलेल्या काटक्यांच्या दोन समांतर भिंती, मध्ये पक्षी जेमतेम मावेल एवढी गल्ली. ती बहुधा उत्तर-दक्षिण असते. तोंडाशी अंगण आणि त्यावर निळ्या वस्तूंचं प्रदर्शन : रोझेलाची पिसं, फुलं, आणि माणसांच्या जवळपास असेल तर बाटल्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे, स्ट्रॉ. मधूनमधून पिवळं फूल किंवा पान. काटक्यांना आतून तो चघळलेल्या वनस्पतीचा लेप चोचीने देतो. शेजारच्या नराने पाठ फिरवली की त्याच्या निळ्या वस्तू पळवतो आणि जमल्यास भिंतीही पाडतो. मादी येते, गल्लीत उभी राहते, तो समोर चोचीत काहीतरी धरून फुगतो, घरघरतो, इतर पक्ष्यांच्या नकला करतो. ती बहुतेक वेळा बघून निघून जाते. ऑक्टोबरात हे सगळं जोरात चालू असतं. लॉजवरच्या मार्गदर्शकाला सध्या चालू असलेला मांडव कुठे आहे ते विचारा, शोधायला स्वतः झुडपांत घुसू नका. आणि एक कळकळीची विनंती : ‘बघू काय करतो’ म्हणून खिशातली निळी वस्तू तिथे ठेवू नका. दुधाच्या बाटलीच्या झाकणाखालचं निळं कडं पक्ष्याच्या गळ्यात अडकून तो गुदमरतो, म्हणून तिथले जाणते लोक असं कडं कापूनच कचऱ्यात टाकतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं आहे, आणि पहाट म्हणजे खरोखरीची पहाट. क्वीन्सलंडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेन आणि हे जंगल ज्या राज्यात आहे तिथे, उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो. साडेचारला बाहेर उभे राहा. पहिला आवाज बहुधा पिवळ्या रॉबिनचा येईल, एकाच सुरातली साधी शीळ. मग एकेक करत सगळं जंगल उठतं आणि वीस मिनिटं कान भरून जातात. या वेळी काही ओळखायचा प्रयत्न करू नका. फक्त ऐका. उजाडल्यावर लॉजच्या दिव्यांखालच्या भिंती बघा. रात्रभर जमलेले पतंग टिपायला रॉबिन आणि स्क्रबरेन अगदी हाताच्या अंतरावर येतात.

चारपाच आवाज मात्र जायच्या आधीच मोबाईलवर ऐकून पाठ करून ठेवा, कारण बाकीचं जंगल त्यांच्या आधारावर उलगडतं. लांबलचक शीळ आणि शेवटी आसूड ओढल्यासारखा ‘फटाक्’ : हा व्हिपबर्डचा नर. त्यामागून लगेच दोन बारीक सूर आले तर ती मादीची दाद. दोघांचं इतकं जुळलेलं असतं की नवख्याला एकच पक्षी वाटतो. तान्हं मूल किंवा मांजर दुःखाने रडतंय असं वाटलं तर ग्रीन कॅटबर्ड. पहिल्यांदा ऐकून एक पाहुण्या काकू मला चक्क ‘अहो, जाऊन बघा तरी’ म्हणाल्या होत्या. यंत्रासारखी सलग तडतड, दिवसभर : लुइन्स हनीईटर. आणि खालच्या ओलसर घळीतून तीन सुरांत कोणी शीळ घालून विचारतंय असं वाटलं तर थांबा, तो नॉइझी पिट्टा. आपल्या नवरंगाचा नातलग. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे नवरंगाची दुपदरी शीळ ऐकून ज्याचं काळीज हललंय, त्याला हा आवाज अनोळखी वाटणार नाही. हिवाळ्यात तो खालच्या भागात उतरतो आणि वसंतात विणीला वर येतो. वाटेत एखाद्या दगडाशी गोगलगायींच्या फुटक्या शंखांचा खच दिसला तर ती त्याची ऐरण. शंख त्या दगडावर आपटून फोडतो. मी अशा ऐरणीपाशी पाठ टेकून पाऊण तास बसलोय. आला तेव्हा हिरवा-पिवळा-लाल असा एकदम समोर. बायको म्हणाली, हा तर अंगावर दिवाळी घेऊन फिरतोय.

वर्षावनाच्या तळाशी बघायची पद्धत वेगळी आहे. वाटेवर उभं राहायचं, दहा मिनिटं, घड्याळ लावून. पहिली तीन मिनिटं काहीच होत नाही. मग पाला उडताना दिसतो. पाला एका बाजूला फेकला जात असेल तर तो लॉगरनर : मजबूत शेपटीच्या टोकदार पिसांवर रेलून तो पायाने आडवा फटकारा मारतो आणि खड्ड्यात किडे शोधतो. पांढऱ्या गळ्याचा नर, नारिंगी गळ्याची मादी. इथे मादी जास्त देखणी. मोठाल्या पायांनी, लांब शेपटी ओढत, कोंबडीसारखं उकरणारं तपकिरी काही दिसलं तर श्वास रोखा. तो अल्बर्ट्स लायरबर्ड. ऑस्ट्रेलियाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे तो याचा दक्षिणेकडचा भाऊ, सुपर्ब लायरबर्ड. अल्बर्ट्स मात्र जगात फक्त आग्नेय क्वीन्सलंड आणि त्याला लागून असलेल्या न्यू साउथ वेल्सच्या डोंगरांतल्या एवढ्याशा पट्ट्यात आहे. त्याचं गाणं आणि नकलांचा खरा मोसम जून ते ऑगस्ट. ऑक्टोबरात तो बराचसा शांत झालेला असतो. पिसारा पाठीवर पालथा घालून नाचणारा नर बघायची आशा घेऊन जाऊ नका. पण पहाटे वाटेच्या कडेला चरताना तो दिसू शकतो, मुख्य म्हणजे दिवसाची पहिली माणसं तुम्ही असाल तर. नाश्ता करून निघालेल्यांना तो दिसत नाही.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे कळल्यापासून माझं या जंगलाकडे बघणंच बदललं. बुलबुल, दयाळ, चिमणी, सातभाई, कावळा, युरोपातले नामांकित गाणारे पक्षी, या सगळ्या गायक पक्ष्यांचं मूळ ऑस्ट्रेलियाच्या भूखंडात आहे असं डीएनएच्या अभ्यासांतून पुढे आलं. त्या वंशवृक्षाची सर्वांत आधी फुटलेली फांदी म्हणजे लायरबर्ड आणि स्क्रब-बर्ड. बॉवरबर्ड आणि लॉगरनर याही फार जुन्या फांद्या. म्हणजे लॉजपासून दोन किलोमीटरच्या आत, एका सकाळी, तुम्ही त्या झाडाचं बूड बघता. आपल्या अंगणातला दयाळ त्याच झाडाच्या शेंड्याकडचं एक पान. मला तर रोझेला खांद्यावर बसल्यापेक्षा पाला उडवणारा लॉगरनर बघून जास्त भरून येतं. जंगलही तसंच जुनं. गोंडवन या प्राचीन महाखंडातली वर्षावनं म्हणून ओळखला जाणारा पट्टा १९८६ साली जागतिक वारसा यादीत गेला; १९९४ साली तो वाढवला तेव्हा हे जंगल त्यात आलं. गोंडवन हे नाव आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलेलं, त्यामुळे अगदीच परक्या ठिकाणी आलोय असं मानायचं कारण नाही.

झाडांच्या शेंड्यावरचं जग बघायला मानेपेक्षा पूल बरा. लॉजजवळच बुयाँग वाटेवर झुलत्या पुलांची ट्री टॉप वॉक आहे, जमिनीपासून सुमारे १५ मीटर उंच. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत जा आणि पुलावर चालण्याऐवजी एका टोकाशी उभे राहा. माणसं चालली की पूल हलतो आणि दुर्बिणीत काही ठरत नाही. इथून वॉम्पू फ्रूट-डव्ह शोधा. हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळं पोट, आणि इतका बेमालूम बसतो की वरून फळांची टरफलं पडतात तेव्हाच कळतो. आपल्या हरियालाची सवय असलेल्याला हा खेळ माहीत आहे : फळलेलं झाड धरायचं आणि पानांऐवजी पानांच्या हालचालीकडे बघायचं. आवाज मात्र माणसाने घशातल्या घशात ‘वॉम्-पू’ म्हटल्यासारखा.

पॅराडाइज रायफलबर्ड हा बर्ड ऑफ पॅरडाइज कुळातला. त्या कुळातल्या चारच जाती ऑस्ट्रेलियात आहेत आणि सगळ्यांत दक्षिणेकडे राहणारा हा. वसंतात नर उंचावरच्या एखाद्या ठरलेल्या फांदीवर पंख गोल उघडून, डोकं डावी-उजवीकडे झटकत नाचतो. कर्कश, ओढलेला ‘यास्स’ ऐकू आला तर तीच जागा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गाठा. उडताना पंखांचा नव्या रेशमी साडीसारखा सळसळाट होतो. डोक्यावरून तो गेला की आधी ऐकू येतो, मग दिसतो. खोडावर लांब वाकडी चोच खुपसत चढणारा तपकिरी, रेघारेघांचा पक्षी दिसला तर ती त्याची मादी. ती बघूनही लोक ‘काही नाही, साधा आहे’ म्हणून पुढे जातात.

पायवाटांचं म्हणाल तर माझा बेत असा असेल. पहिली पूर्ण सकाळ : पहाटे अंगण, मग बुयाँग, मग बॉर्डर ट्रॅकचा पहिला एक किलोमीटर, तोही दोन तासांत. या सकाळी मार्गदर्शक घ्याच. पुढच्या दोन दिवसांची किल्ली त्याच्या कानांत असते. दुसरी सकाळ पायथन रॉकच्या वाटेवर; जाऊन-येऊन साधारण तीन किलोमीटर, गुडघ्यांना सोपी, आणि पिट्टा व रायफलबर्ड दोघांसाठी माझी आवडती. शिवाय ही वाट पुढे वर्षावनातून कोरड्या युकॅलिप्टसच्या रानात शिरते. तिथे उजेड बदलतो, पायाखालची जमीन बदलते आणि शंभर पावलांत पक्षीही बदलतात. तिसऱ्या सकाळी, जी वाट मनात भरली असेल तीच पुन्हा. नवीन नको. दुपार झोपेची, अकरा ते तीन या जंगलात फारसं काही घडत नाही.

बॉर्डर ट्रॅक पुढे २१ किलोमीटरहून जास्त चालून बिना बुरा भागात उतरतो. वाटेतल्या उंच भागात अंटार्क्टिक बीच नावाच्या वृक्षाची शेवाळलेली झाडं आहेत आणि तिथे राहतो रूफस स्क्रब-बर्ड : चिमणीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, फारसा उडत नाही, जाळीच्या आत उंदरासारखा पळतो आणि जवळ गेलात तर कान दुखतील इतक्या जोरात ओरडतो. वसंतात नर जागा धरून गातात, म्हणून शोधायचा काळ हाच. पण बिथाँगाबेल शिखराकडे त्यासाठी एका बाजूने सहा किलोमीटरहून जास्त चालावं लागतं आणि एवढं करून बहुतेकांना फक्त आवाज मिळतो. २०१९-२० च्या वणव्यांत या धोक्यात असलेल्या पक्ष्याचा अधिवास मोठ्या प्रमाणावर जळला. त्याच्या जाळीत शिरून त्याला बाहेर काढायचा हट्ट कोणी करू नये. तुमच्या वयात जमेल का, हा प्रश्नच नाही. तीन दिवसांतला एक दिवस यावर घालवावा का, हा आहे. मी नाही म्हणेन.

या वाटेची एक गंमत. ती न्यू साउथ वेल्सच्या सीमेवरून जाते आणि त्या राज्यात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून घड्याळ एक तास पुढे असतं. तिथे मोबाईलने पलीकडचं नेटवर्क पकडलं की त्यातली वेळ परस्पर बदलते. मी एकदा असाच तासभर आधी परत फिरलो आणि चहाला कोणीच कसं नाही म्हणून रागावून बसलो. हातावर साधं घड्याळ ठेवा.

वसंत हा वणव्यांचाही मोसम. बिना बुराचं जुनं लॉज सप्टेंबर २०१९ मध्येच आगीत गेलं. वादळानंतर दरडी कोसळूनही वाटा बंद होतात. निघायच्या आदल्या दिवशी क्वीन्सलंड पार्क्सच्या सूचना बघितल्याशिवाय गाडी काढू नका.

दुर्बीण. १० बाय ५० पाणथळीवर उत्तम, इथे नको. वजनाने मान जाते, हात थरथरला की दहापट थरथर दिसते, आणि गर्द पानांत पक्षी शोधायला दृश्याची रुंदी लागते. ८ बाय ४२ घ्या. ४२ ला ८ ने भागलं तर सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. १० बाय ४२ मध्ये तो ४.२ वर येतो आणि अंधाऱ्या रानात हा फरक डोळ्यांना कळतो. १० बाय ५० चा झोत कागदावर पाच मिलिमीटर, म्हणजे एवढं वजन वाहूनही उजेडात फायदा शून्य. जवळचा फोकस दोन मीटरपर्यंत येतो का तेही दुकानात तपासा, कारण रॉबिन आणि लॉगरनर कधी कधी पायापाशी येतात आणि दुर्बिणीत नुसता धूसर गोळा दिसतो. कॅमेरा नेणार असाल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत वाढवायला घाबरू नका आणि फ्लॅश घरी ठेवा. सूर्य दुपारी उत्तरेला असतो, दक्षिणेला नाही. उजेडाचा अंदाज बांधताना आपली आयुष्यभराची सवय तिथे फसते.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा मोह होईल. वसंतात तर नाहीच. आपल्या इलाख्यात दुसरा नर आला असं समजून तो घरटं, मादी, खाणं सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो. तुम्ही गेल्यावर दुसरे पाहुणे येतात आणि पुन्हा तेच. लॉजजवळच्या पक्ष्यांना वर्षभर हेच भोगावं लागतं. ओळखीसाठी ऐकायचं असेल तर खोलीत किंवा कानात लावून.

रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास अंगणाच्या कडेने फिरा. रेड-नेक्ड पॅडिमेलन, म्हणजे छोट्या कांगारूंसारखे गुबगुबीत प्राणी, हिरवळीवर चरत असतात. बूबुक घुबडाचा दोन सुरी आवाज हमखास ऐकू येतो. वरून काहीतरी शिट्टी मारत खाली कोसळतंय असं वाटलं तर तो सूटी आउल; दिसेलच असं नाही. टॉर्चचा झोत डोळ्यांवर रोखू नका, लाल कागद लावलेला चालतो. अंगावर जाड कपडे हवेत, समुद्रसपाटीपासून तुम्ही ९०० मीटरच्या वर आहात आणि ऑक्टोबरातही रात्र बोचरी असते.

जळवांना आपला सह्याद्रीतला माणूस घाबरत नाही. गोचिडांना मात्र घाबरा. इथली पॅरालिसिस टिक वसंतात सर्वांत जास्त सापडते आणि काहींना तिची तीव्र ॲलर्जी होते. फुल बाह्या, पायजमा मोज्यांत खोचलेला, आणि संध्याकाळी अंघोळीआधी एकमेकांच्या मानेमागे, केसांत, काखेत तपासणी. सापडली तर नखाने चिमटून पिळू नका, तिने तिची लाळ आत सोडली तर त्रास वाढतो. औषधाच्या दुकानात गोचीड गोठवून जागीच मारणारा स्प्रे मिळतो, तो ब्रिस्बेनलाच घेऊन ठेवा. पूर्वी तिथल्या गोचिडाने ॲलर्जी झालेली असेल, किंवा चावल्यावर धाप, चक्कर, अंगावर गांध्या आल्या, तर थेट वैद्यकीय मदत. दुसरी गोष्ट, वाटेच्या कडेची हृदयाच्या आकाराची मोठी, लवदार पानं हाताळू नका. स्टिंगिंग ट्री. खाजकुइली त्यापुढे लाड वाटेल. ठणका दिवसेंदिवस राहतो. तोल गेला की हाताला येईल ते धरायची सवय असते, म्हणून काठी घ्या. वेताच्या काटेरी वेलीही आहेत, त्या आपल्या ओळखीच्याच.

राहिली शंभरची यादी. तीन दिवस नुसत्या वर्षावनात, सावकाश, तर माझ्या अनुभवात चाळीस ते साठ जाती होतात आणि त्यातल्या पंधरा-वीस तुम्ही नीट, मनसोक्त बघितलेल्या असतात. आकडा वाढवायचाच असेल तर तो वर डोंगरात वाढवू नका. परतताना घाट उतरला की कनंग्राच्या आसपास मोकळी कुरणं, ओढे आणि रस्त्याकडेची झाडं आहेत. कूकाबुरा, मॅगपाय, बुचरबर्ड, लॉरिकीट, तारांवर बसलेले डॉलरबर्ड, पाण्याशी बगळे आणि बदकं. गाडी सावलीत लावा, १० बाय ५० डिकीतून काढा आणि दीड तास मोजत बसा. त्या दुर्बिणीची जागा तिथे आहे.